दिव्यांग मुलांची निवासी शाळा: भिंतीवर प्रमाणपत्र आहे, पण रात्री लक्ष कोणाचं?

जून उजाडला की पत्र्याची पेटी, वळकटी आणि लेकरू घेऊन आईबाप तालुक्याच्या गावी निघतात. गावच्या शाळेत खुणांची भाषा येणारे गुरुजी नाहीत, ब्रेल शिकवणारं कोणी नाही. मग मूकबधिर किंवा अंध मुलासाठी निवासी शाळा एवढाच रस्ता उरतो.

अशा संस्थांसाठी कायदा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार नोंदणी प्रमाणपत्राशिवाय संस्था चालवता येत नाही. ते दर्शनी जागी लावावं लागतं आणि अटी मोडल्या तर चौकशी करून रद्दही होतं. पण पहिल्यांदा कायदा मोडला तर दंड जास्तीत जास्त 10 हजार रुपये! आठवडी बाजारात एवढ्यात म्हैस सोडाच, चांगली शेळी घ्यायची तरी घासाघीस करावी लागते. पुन्हा मोडला तर मात्र 50 हजार ते 5 लाख.

2010 मध्ये शहापूर तालुक्यातल्या कवडास इथल्या मतिमंद मुलांच्या संस्थेतल्या उपासमारीच्या आणि अत्याचाराच्या बातम्या आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आधी बातमी, मग यंत्रणा, असा तो क्रम होता.

खरी गोम तपासणीत आहे. खोल्या, संडास, हजेरीपट दिवसा मोजता येतात. पण बोलू न शकणाऱ्या मुलाला विचारायचं कसं? खुणांचा अर्थ सांगायला संस्थेचाच माणूस उभा असेल तर पोरगं काय सांगणार? तपासणी पथकासोबत बाहेरचा दुभाषी हवाच, आणि एखादी फेरी न सांगता, रात्रीची हवी.

पालकही गप्प बसतात, त्याला कारण आहे. तक्रार केली आणि शाळा बंद पडली तर मूल परत घरी, आणि आई रोजंदारीला जाणार कशी? नोंदणी रद्द झाल्यावर मुलांना पालकांकडे किंवा दुसऱ्या संस्थेत पाठवण्याची तरतूद कायद्यात आहे. पण दुसरी संस्था दोन तालुके पलीकडे असली तर ती कागदावरच राहते. म्हणून बंदीच्या आदेशाआधी मुलांची सोय ठरली पाहिजे.

तोवर पालकांनी प्रवेशावेळी प्रमाणपत्राची मुदत बघावी. मुलींच्या खोलीजवळ रात्री बाई असते का, हे विचारावं. दिवाळीची वाट न बघता मधल्या वारी अचानक जाऊन यावं. अंगावर वळ दिसले, मूल परत जायला रडून गोंधळ घालू लागलं, तर 1098 वर फोन करावा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, पालकांना आणि शाळेच्या शिपायालाही.