विश्लेषण : अल्पवयीन गर्भवती दवाखान्यात उशिरा का पोहोचतात?

लोणावळ्याच्या बंगल्यांपासून अंदर मावळ, नाणे मावळातल्या कातकरी-ठाकर वाड्या फार लांब नाहीत. तरीही अठराच्या आत लग्न आणि पाठोपाठ बाळंतपण हे चक्र अशा वाड्यांमध्ये अजून थांबलेले नाही.

राज्यातील स्थिती काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के महिलांचे लग्न अठराच्या आत झाले होते. १५ ते १९ वयोगटातील ७.६ टक्के मुली त्या वेळी माता किंवा गर्भवती होत्या. देशाचे प्रमाण तेव्हा ६.८ टक्के होते.

लग्न लवकर का होते?

दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे उचल फेडण्यासाठी वीटभट्टीवर जातात. मुलीची शाळा सुटते. तिला वाडीत एकटी ठेवण्याची धास्ती असते आणि भट्टीवरच्या झोपडीतही ती सुरक्षित नसते. मग लग्न हाच तोडगा वाटतो. काही जोडपी विधीविनाच एकत्र राहू लागतात. अशा वेळी ग्रामसेवकाने रोखावे असे लग्नच नसते.

वैद्यकीय धोका कोणता?

मुलीच्या शरीराची वाढ अपुरी असते, त्यात रक्तक्षय. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येणे, बाळ कमी दिवसांचे किंवा कमी वजनाचे जन्मणे, हे धोके वाढतात. वेळेवर तपासणी झाली तर त्यातील बरेच आटोक्यात आणता येतात.

मग तपासणी का टळते?

पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशी गर्भधारणा पोलिसांना कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अठराखालील पत्नीशी शरीरसंबंध हाही बलात्कारच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. कायद्याचा हेतू मुलीच्या संरक्षणाचा आहे. मात्र नवरा तुरुंगात जाईल या भीतीने घरचे वय वाढवून सांगतात किंवा दवाखानाच टाळतात. संमतीच्या संबंधांतून गर्भवती झालेल्या अल्पवयीन मुलीचा गर्भपात करताना, मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास पोलिसांना तिची ओळख कळवण्याची गरज नाही, असा दिलासा याच न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. बाळंतपणासाठी येणाऱ्या मुलीलाही अशाच गोपनीयतेची गरज आहे.

उपाय काय?

भट्टीच्या हंगामात मुलींसाठी गावाजवळ वसतिगृह हवे आणि दहावीनंतरही शिक्षण सुरू राहायला हवे. तोवर जी मुलगी गर्भवती आहे, तिची आधी तपासणी आणि नंतर चौकशी, हाच क्रम असायला हवा. गुन्ह्याचा तपास काही दिवस थांबू शकतो, तिचा वाढलेला रक्तदाब थांबत नाही.