शेवटच्या दिवसाची गणना

स्युडोमोनास प्रजातीच्या अभ्यासकास १९८० हे साल दोन कारणांनी स्मरणीय वाटावे. त्या वर्षी जून महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने, मूळचे बंगालचे शास्त्रज्ञ आनंद मोहन चक्रवर्ती यांनी खनिज तेलाचे घटक पचविण्यासाठी घडविलेल्या याच प्रजातीच्या जिवाणूस पेटंटचा हक्क मान्य केला. आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियात क्लोपर, श्रॉथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले की, पिकाच्या मुळांशी वसणारे हे जिवाणू लोह बांधून ठेवणारे द्रव्य स्रवतात व त्यायोगे अपायकारक सूक्ष्मजीवांची उपासमार करतात. पहिल्या घटनेचा गाजावाजा जगभर झाला. हे जिवाणू पाकिटांत भरून शेतकऱ्यास विकण्याचा आमचा व्यवसाय उभा आहे तो दुसरीच्या पायावर.

तो पाया भक्कम आहे. कोइमतूरच्या कृषी विद्यापीठात शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळलेल्या स्युडोमोनास फ्लुरोसन्स या जातीने हरभऱ्याची मर आटोक्यात आल्याचे १९९५ साली प्रसिद्ध झाले, आणि बीजप्रक्रियेची ती सुटसुटीत रीत पुढे देशभर रूढ झाली. तरीही शेतकरी 'गुण आला नाही' म्हणून पाकीट बांधावर टाकून देतो, तेव्हा दोष त्याच्या अज्ञानाकडे वळविण्याची जी खोड आम्हा मंडळींस जडली आहे, ती आम्हांस मुळीच मान्य नाही. बॅसिलसप्रमाणे बीजाणू धारण करून प्रतिकूल काळ कंठण्याची शक्ती या जिवाणूस निसर्गाने दिलेली नाही. वैशाखात विदर्भातील एखाद्या दुकानाच्या पत्र्याखाली महिनाभर पडलेल्या पाकिटात, ग्रॅममागे दहा कोटी पेशींचा छापील दाखला कायम राहतो आणि पेशी मात्र मरून जातात.

याहून गंभीर बाब ओळखीची. किंग्ज बी माध्यमावर अतिनील प्रकाशात हिरवट-पिवळी चमक दिसली की फ्लुरोसन्स सापडला असे समजणाऱ्या तंत्रज्ञाने हे ध्यानी धरावे की, भाजलेल्या व दुर्बल रुग्णांच्या जिवावर उठणारा त्याचा भाऊबंद स्युडोमोनास एरुजिनोसाही त्याच माध्यमावर तशीच चमक दाखवितो, मात्र तो ४२ अंश सेल्सिअसला वाढतो आणि फ्लुरोसन्स वाढत नाही. ही परीक्षा स्वस्त आहे, एका उबवणयंत्राची आहे. ती टाळणे ही आमच्या मते अक्षम्य कसूर होय, कारण हे पाकीट शेतकरी उघड्या हातांनी बियाण्यास चोळतो.

म्हणून उत्पादक बंधूंस आमची विनंती अशी : प्रत्येक लॉटमागे ४२ अंशांच्या परीक्षेची नोंद दप्तरी ठेवावी, लॉटचा एक नमुना शीतकपाटात न ठेवता दुकानाच्याच तापमानात ठेवावा, आणि मुदत संपण्याच्या दिवशी त्यातील जिवंत पेशी मोजून तोच आकडा पुढील पाकिटावर छापावा.