‘त्यांच्यात असंच असतं’

व्हिक्टोरिया क्लिंबिए ही आयव्हरी कोस्टची मुलगी. पोरगी शिकेल, या आशेनं आईवडिलांनी तिला वडिलांच्या आत्याच्या हवाली केलं. ती बाई तिला आधी फ्रान्सला आणि एप्रिल १९९९ मध्ये लंडनला घेऊन आली. २५ फेब्रुवारी २००० रोजी आठ वर्षांची व्हिक्टोरिया मेली. अंगावर १२८ जखमा होत्या.

तिला कुणी पाहिलंच नव्हतं, असं नाही. दोन रुग्णालयं, चार समाजसेवा विभाग, पोलीस, सगळ्यांकडे तिची नोंद होती. लॉर्ड लेमिंग यांच्या चौकशीत तिला वाचवण्याच्या किमान १२ संधी हुकल्याचं निघालं. त्यातली एक गोष्ट मला विसरता येत नाही. वडिलांची ती आत्या समोर आली की व्हिक्टोरिया ताठ उभी राहायची. समाजसेविकेला वाटलं, आफ्रो-कॅरिबियन घरांतली मुलं मोठ्यांचा असाच मान ठेवतात. म्हणजे, त्यांच्यात असंच असतं! पोर भेदरलेली होती आणि सरकारी नजरेला तिच्यात संस्कार दिसले.

डेबी आरियो यांनी २००१ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेली ‘आफ्रुका’ ही छोटी संस्था नेमकी याच गैरसमजावर काम करते. आफ्रिकी पालकांना ती सांगते, की गावाकडे चालणारी मारझोड ब्रिटनमध्ये गुन्हा ठरू शकते. आणि सरकारी माणसांना सांगते, की संस्कृतीच्या धाकानं गप्प बसू नका. चर्चच्या पाद्र्यांशीही तिला बोलावं लागतं, कारण काही ठिकाणी पोरांवर चेटकाचा आळ घेतला जातो. २०१० च्या नाताळात लंडनमध्येच १५ वर्षांच्या क्रिस्टी बामूला त्याच्या बहिणीनं आणि तिच्या जोडीदारानं याच आळापायी छळून मारलं. आपण नाक मुरडू नये. जादूटोण्याविरुद्ध कायदा करायला महाराष्ट्रालाही २०१३ उजाडावं लागलं.

हे काम मोठ्या सरकारी खात्याला जमत नाही. दारात साहेब उभा दिसला की ‘पोरं उचलून नेतील’ या भीतीनं घर कडी लावून घेतं. आपल्या भाषेत बोलणारी, आपल्यातलीच बाई आली तर निदान चहा तरी विचारला जातो. तरीही एक धोका राहतोच. आपल्यातलं माणूस कधी कधी आपल्यांनाच पाठीशी घालतं. म्हणून अशा संस्थेची खरी परीक्षा कुटुंबाची बाजू सोडून मुलाची बाजू घ्यायची वेळ येते तेव्हा होते.

हे फक्त आफ्रिकी घरांपुरतं नाही. नातवंडं सांभाळायला ब्रिटनला निघालेल्या आजी-आजोबांनो, स्कॉटलंडमध्ये २०२० पासून आणि वेल्समध्ये २०२२ पासून मुलाला शिक्षा म्हणून चापट मारणंही बेकायदा आहे. चार दिवसांच्या पाहुण्यालाही यातून सूट नाही. तेव्हा ‘आमच्यात असंच असतं’ हे इथेच ठेवून विमानात बसा.