एक काम, एक नाव

नाव ठेवणे आणि नावे ठेवणे ह्यांत मराठीने एका मात्रेचेच अंतर राखले आहे. पहिल्यात जबाबदारी आहे, दुसऱ्यात नुसती टीका. दुसऱ्या कामात आपण सारेच निपुण असतो; पहिले मात्र 'त्यात काय मोठे' असे म्हणून उरकून टाकतो. नाव ठेवण्याच्या ह्या साध्या कामाला विचार लागतो, शिस्त लागते आणि भाषेचे ज्ञानही लागते, हे आम्हांला नव्याने पटले ते संगणकाच्या निमित्ताने. त्याविषयी आमचे मत विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

संगणकासाठी लिहिलेला कोणताही कार्यक्रम बरोबर चालतो की नाही, हे तपासावे लागते. एकदा तपासून भागत नाही. त्यात लहानसा बदल केला तरी आधीचे सारे पुन्हा तपासणे आले. माणूस अशा कामाला कंटाळतो आणि कंटाळला की चुकतो. म्हणून ही तपासणी यंत्राकडेच सोपवण्याची पद्धत रूढ झाली. तिच्यासाठी वापरल्या जाणाऱ्या 'रोबोट फ्रेमवर्क' ह्या साधनाची मूळ कल्पना पेक्का क्लार्क ह्या फिनलंडच्या अभियंत्याने २००५ सालच्या आपल्या प्रबंधात मांडली. नोकिया नेटवर्क्समध्ये ते घडले आणि २००८ साली सर्वांना मोफत खुले झाले.

ह्या साधनात चाचणी लिहायची ती 'कीवर्ड' वापरून. आपण त्यास बीजशब्द म्हणू. शाळेच्या ग्रंथालयाचे उदाहरण घ्या. 'पुस्तक परत करा' हा एक बीजशब्द. विद्यार्थ्याची नोंद उघडणे, पुस्तकाचा क्रमांक घालणे, तारीख लिहिणे, नोंद मिटवणे ह्या चार पायऱ्या त्याच्या पोटात एकदाच लिहून ठेवायच्या. पुढे शंभर चाचण्यांत केवळ 'पुस्तक परत करा' एवढेच लिहिले की काम होते. उद्या त्या पायऱ्यांत एक वाढली, तर दुरुस्ती एकाच ठिकाणी करावी लागते. शंभर ठिकाणी नव्हे. पाणिनीने 'गुण' आणि 'वृद्धी' ह्या संज्ञांचा अर्थ आपल्या ग्रंथाच्या आरंभीच एकदा सांगितला आणि पुढे सर्वत्र केवळ संज्ञा वापरली. तोच हा मार्ग होय.

परंतु बीजशब्दांची संख्या वाढली की ते लक्षात कसे राहावेत? ह्यासाठी 'व्हिज्युअल स्टुडिओ कोड' ह्या कोड एडिटरला 'रोबोटकोड' नावाचे एक पूरक साधन जोडता येते. नावाची पहिली अक्षरे लिहिताच आधीपासून असलेली नावे ते समोर मांडते. एखादे नाव कोठे सिद्ध केले आहे आणि कोठे कोठे वापरले आहे, तेही दाखवते. नाव बदलायचे ठरले तर सर्व ठिकाणी बदलून देते. लिहिणाऱ्याच्या शेजारी कोश उघडून बसलेला एखादा दक्ष सहकारी असावा, तसे हे आहे.

आता आमच्या वर्गातील अनुभव सांगतो. मुलांचे तीन गट करून आम्ही ग्रंथालयाच्याच चाचण्या लिहावयास दिल्या. एका गटाने 'पुस्तक परत करा' असे लिहिले, दुसऱ्याने 'पुस्तक जमा करा', तर तिसऱ्याने भारदस्त वाटावे म्हणून 'ग्रंथ प्रत्यर्पण करा'. काम एक, नावे तीन! यंत्राच्या लेखी ती तीन निराळी कामे झाली आणि एकाच पायऱ्या तीनदा लिहिल्या गेल्या. निबंधात एका अर्थाचे तीन शब्द योजले तर आम्ही मुलांची पाठ थोपटतो. येथे तोच गुण दोष ठरला. भाषेची श्रीमंती कोठे उधळावी आणि कोठे जपून खर्चावी, हा विवेकही भाषाशिक्षणाचाच भाग आहे, हे त्या दिवशी मुलांपेक्षा आम्हीच अधिक शिकलो.

दुसरी गोष्ट शुद्धलेखनाची. नावातील शब्द जोडून लिहिले काय किंवा तोडून लिहिले काय, हे साधन तिकडे काणाडोळा करते. पण ह्रस्वाचे दीर्घ झाले की ते मुळीच क्षमा करीत नाही. एका विद्यार्थिनीने 'नोंद मिटवा' असे एकीकडे आणि 'नोंद मीटवा' असे दुसरीकडे लिहिले. असा बीजशब्दच नाही, असे यंत्राने सांगितले. लाल शाईच्या आमच्या अनेक वर्षांच्या खुणांनी जे साधले नव्हते, ते एका क्षणात साधले.

ह्यावर पालक विचारतील की, हे सारे इंग्रजीत चालते. मराठीचा येथे काय संबंध? प्रश्न रास्त आहे. आपली मुले पुण्याला, हैदराबादला, बंगळूरला नोकरीस जाणार. तेथे इंग्रजीवाचून चालणार नाही. इंग्रजी उत्तमच आली पाहिजे, ह्याबद्दल आमचे दुमत नाही. पण बीजशब्दाचे नाव यंत्रासाठी नसते, ते माणसासाठी असते. चाचणी बरोबर आहे की नाही हे त्या कामाचा जाणकार सांगू शकतो. भालकीचा ग्रंथपाल किंवा औरादच्या सोसायटीचा कारकून कार्यक्रम लिहू शकणार नाही; पण मराठीत लिहिलेली चाचणी वाचून 'हे असे नसते हो' एवढे तो निश्चित सांगेल. त्याला वाचताच आली नाही, तर चूक तशीच पुढे जाईल.

हे आमचे स्वप्नरंजन नव्हे. 'कुकुंबर' ह्या दुसऱ्या चाचणीसाधनात वाक्यरचनेचे मुख्य शब्द सत्तरांहून अधिक भाषांत दिलेले आहेत. त्यांत कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू ह्या चारही आहेत. बिदरच्या बाजारात कानी पडणाऱ्या ह्याच त्या भाषा! १९५६ साली जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. येथे मात्र त्याच्या साऱ्या भाषा एका पंक्तीस बसल्या आहेत. आमची घरची भाषा कोंकणी. ती आम्हांला त्या यादीत आढळली नाही. म्हणून आमचे हे बोलणे केवळ स्वभाषेच्या अभिमानाचे नाही, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

मात्र यादीतील मराठी शब्द पाहून आमच्यातला शिक्षक स्वस्थ बसेना. 'जेव्हा', 'तेव्हा', 'आणि', 'पण' हे शब्द चोख आहेत. पण जी परिस्थिती गृहीत धरावयाची, तिच्यासाठी 'जर' आणि 'दिलेल्या प्रमाणे' असे शब्द योजले आहेत. 'जर' म्हटले की मराठी कान 'तर'ची वाट पाहतो. तो येथे येतच नाही. 'दिलेल्या प्रमाणे' ह्यास भाषांतराचा वास येतो. आपल्या भूमितीच्या पुस्तकांत दिलेल्या गोष्टीस 'पक्ष' म्हणतात आणि गृहीत धरताना 'समजा' असे लिहितात. 'समजा, विद्यार्थ्याच्या नावावर दोन पुस्तके आहेत. जेव्हा तो तिसरे मागतो, तेव्हा नोंद नाकारली जाते.' ही चाचणी आठवीतला मुलगाही एका वाचनात समजेल.

परंतु आम्ही तरी येथे काय केले? नावेच ठेवली! ज्या कोणी ते शब्द प्रथम सुचवले, त्यांनी काम केले. आम्ही केवळ दोष काढला. ती यादी खुली आहे, तिच्यात कोणासही सुधारणा सुचवता येते. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचला. त्यातील काही शब्द रुळले, तर 'दफ्तर' आणि 'कारखाना' हे त्यांनी पर्याय दिलेले फार्सी शब्द आजही आपल्या तोंडी आहेत. शब्द आज्ञेने जगत नाही, वापराने जगतो. २०२४ साली मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आहेच. पण दर्जा मिळणे निराळे आणि कामास येणे निराळे.

म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच की, येत्या वर्षी प्रत्येक वर्गाने एक नामवही ठेवावी. नवे नाव लिहिण्यापूर्वी जुने शोधावे. एका कामास एकच नाव द्यावे, ते शुद्ध लिहावे आणि त्या कामाच्या जाणकारास वाचून दाखवावे. 'समजा' ह्या शब्दाची सूचना पाठवण्याचे काम मात्र दहावीच्या वर्गाने आमच्याबरोबर करावे. ती मान्य होईल किंवा न होईल. पण त्या दिवशी आम्ही नावे ठेवणाऱ्यांच्या पंक्तीतून उठून नाव ठेवणाऱ्यांच्या पंक्तीत बसलेले असू.