पंप खोलण्याआधी गेज लावा

वावी, पांगरी, शहा या सिन्नरच्या पूर्व भागातल्या गावांत उन्हाळ्याचे हे दोन महिने लोडरचे असतात. बंधारे, गावतळी कोरडी पडलेली असतात आणि पहिल्या पावसाच्या आत गाळ उचलून शेतात पडायला हवा असतो. २०१७ मध्ये राज्य सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली आणि गावोगाव पूर्वीपासून चालत आलेल्या या कामाला सरकारी रूप मिळाले. त्याच दिवसांत डाळिंबाच्या बागांना शेणखत, कोंबडखत भरायचे असते. बांधावरून जिथे जेसीबी जात नाही तिथे ट्रॅक्टरचा लोडर जातो. तो बंद पडला की चार ट्रॉल्या आणि त्यांवरची माणसे ताटकळतात.

अशा घाईत मिस्त्रीला फोन येतो: लोडर उचलत नाही. पुष्कळदा गाडी बघण्याआधीच उत्तर ठरलेले असते, पंप गेला. नवा पंप बसतो, शेतकऱ्याचे काही हजार जातात आणि चार दिवसांनी तीच तक्रार परत येते. पंप हा संशयितांच्या यादीत शेवटचा असला पाहिजे, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे.

‘उचलत नाही’ या एका तक्रारीत दोन वेगळे दोष लपलेले असतात. ताकद दाबातून येते आणि वेग लिटरमधून. बकेट भरलेली असताना बूम जागचा हलतच नसेल, तर दाब कमी आहे. उचलतो पण रेंगाळत उचलतो, तर ऑईल कमी पोहोचते आहे. हा फरक गिऱ्हाइकाला विचारूनच कळतो, त्यासाठी एकही नट सैल करावा लागत नाही.

वेग मोजायला मोबाईलमधले स्टॉपवॉच पुरते. समजा, बूमचे दोन जॅक ६३ मिलिमीटर बोअरचे आहेत आणि स्ट्रोक ६०० मिलिमीटर आहे. दोन्ही भरायला सुमारे पावणेचार लिटर ऑईल लागते. पंप मिनिटाला ३० लिटर देत असेल, तर रिकामी बकेट साधारण साडेसात सेकंदांत वर गेली पाहिजे. बारा सेकंद लागत असतील, तर जॅकपर्यंत १९ लिटरच्या आतच ऑईल येते आहे. बाकीचे एक तर वाटेत कुठेतरी परत फिरते आहे किंवा पंपाला मिळतच नाही. हीच चाचणी थंड ऑईलवर आणि तासभर कामानंतर गरम ऑईलवर करा. गरम झाल्यावर वेग पडत असेल, तर ऑईल पातळ होऊन आतल्या आत गळते आहे. पंपाची, व्हॉल्व्हची किंवा सीलची झीज तिथे दिसते. उलट सकाळी रेंगाळतो आणि नंतर सुधारतो असा प्रकार असेल, तर सक्शनची जाळी तुंबली असेल नाहीतर ऑईल फार जाड असेल.

लोडर ट्रॅक्टरच्याच हायड्रॉलिकवर चालत असेल, तर मागची लिफ्ट उचलून पाहा. तीही सुस्त असेल तर दोष दोघांच्या सामाईक भागात आहे: ऑईलची पातळी, जाळी, पंप. लिफ्ट ठणठणीत आणि लोडर सुस्त, तर पंपाकडे बघूही नका. क्विक कपलर पाहा. तो अर्धवट बसला की आतली गोळी वाट अडवते, आणि बूम वर जातो पण खाली येत नाही, अशी चमत्कारिक तक्रार येते. अशा ट्रॅक्टरमध्ये बहुधा तेच ऑईल गिअरबॉक्समध्येही असते. म्हणून टॉपअपला हाताशी असलेले साधे ६८ नंबरचे ऑईल ओतू नये, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच घालावे. ऑईल दुधासारखे पांढरे झाले असेल तर त्यात पाणी गेले आहे. नुसता फेस असेल तर सक्शनच्या बाजूने हवा ओढली जाते आहे. क्लिप आणि ओ-रिंग तपासल्याशिवाय पंपाच्या आवाजाचा अर्थ लावू नका.

आता दाब. पंपाच्या आउटलेटला टी टाकून २५० बारचा गेज लावा, इंजिन कामाच्या वेगावर ठेवा आणि लिव्हर जॅकच्या शेवटाला दोन-तीन सेकंदच धरा. बकेटच्या लिव्हरवर पूर्ण दाब येतो आणि बूमच्या लिव्हरवर येत नाही, तर पंप आणि मुख्य रिलीफ व्हॉल्व्ह दोघेही सुटले. दोष बूमच्या वाटेवर आहे. दोन्हीकडे दाब कमी असेल, तर आधी रिलीफ काढून त्याची सीट साफ करा. धुळीचा एक कण सीटवर अडकला तरी दाब पडतो. पण गेज न लावता रिलीफचा स्क्रू पिळत बसणे ताबडतोब थांबले पाहिजे. ६३ मिलिमीटरचा एक जॅक १५० बारला पावणेपाच टनांच्या आसपास ताकद लावतो. त्यावर अंदाजाने चढवलेला दाब होज फोडतो, रॉड वाकवतो, वेल्डिंग उघडतो.

सगळ्यांत जास्त गैरसमज बूम आपोआप खाली बसण्याबद्दल आहे. बूम बसला की सील किट, हा शिरस्ता पडला आहे. जरा विचार करा. बूम खाली येताना रॉड जॅकच्या आत शिरतो. आत शिरणाऱ्या रॉडला जागा हवी, आणि ती जॅकमधले ऑईल बाहेर गेल्याशिवाय मिळत नाही. दोन्ही पोर्ट खरोखर बंद असतील तर पिस्टनचे सील पूर्ण गेले तरी बूम थोडासा बसून थांबेल. तो बसतच राहिला, याचा अर्थ ऑईल बाहेर पडते आहे, म्हणजे बहुधा व्हॉल्व्हचा स्पूल झिजला आहे. बकेटचे उलटे असते. नेहमीच्या रचनेत भरलेली बकेट रॉडला बाहेर ओढते, आणि सील गेले की रॉडच्या बाजूचे ऑईल पिस्टनच्या पलीकडे सरकून बकेट वाकत जाते. थोडक्यात, बूम बसला तर संशय आधी व्हॉल्व्हवर, बकेट वाकली तर आधी सीलवर. खात्री करायची तर आधार देऊन, दाब काढून जॅकचे पोर्ट स्टीलच्या डमीने बंद करा, रॉडवर खडूची खूण करा आणि लांब उभे राहून बघा.

आधार हा शब्द इथे पूर्ण गांभीर्याने लिहिला आहे. उचललेल्या बूमखाली नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर कुणीही जाऊ नये, मालक कितीही घाई करो. जॅकच्या रॉडवर बसणारा लोखंडी चॅनेल पिनने अडकवल्याशिवाय पाना हातात घेऊ नका. शक्य असेल तेव्हा बकेट जमिनीला टेकवा, इंजिन बंद करा आणि दोन्ही लिव्हर मागे-पुढे करून दाब काढा. होजमधली बारीक गळती बोटाने कधीही शोधू नका, पुठ्ठा फिरवा. सुईएवढ्या भोकातून दाबाचे ऑईल कातडीच्या आत घुसते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण काही तासांत बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. असे झाले तर त्याच वेळी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा, आणि आत हायड्रॉलिक ऑईल गेले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

जे कारखानदार आणि फॅब्रिकेटर लोडर बसवून देतात, त्यांच्याकडे आमची मागणी आहे. पंपाच्या लाइनवर गेज लावायची जागा सुरुवातीपासूनच द्या. बूमचा सेफ्टी चॅनेल मशीनसोबतच द्या, जादा पैसे लावून नव्हे. आणि फ्रेमवर एक पाटी ठोका: जॅकचा बोअर आणि स्ट्रोक, पंपाचे लिटर, रिलीफचा दाब, नव्या मशीनला बूम वर जायला लागलेले सेकंद. माळेगाव आणि मुसळगावच्या औद्योगिक वसाहती जवळ असलेल्या तालुक्यात ही चार अक्षरे पत्र्यावर उठवून घेणे अवघड नाही. तोवर प्रत्येक मिस्त्रीने आपल्याकडे आलेल्या धडधाकट लोडरचे हे आकडे वहीत लिहून ठेवावेत, कारण बिघडलेल्या दिवशी तुलना त्यांच्याशीच करायची आहे.