गॅलरीतली रिकामी कुंडी



चातुर्मास स्थापना झाली की आमच्या सोसायटीतल्या बायका एका रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात त्रिमूर्तीच्या दर्शनाला जातात. येताना कुणाच्या ना कुणाच्या पिशवीत मातीसकट एखादं रोप असतंच. "रानातलंच तर आहे, कुणाचं काय जातं?" असं म्हणणाऱ्यांत मीही होते.

माझ्या पिशवीत आली ती आमरी. शास्त्रात हबेनारिया म्हणतात. पावसाळ्यात गवतात, खडकावरच्या बोटभर मातीत उगवणारं हे आपलं रानटी ऑर्किड. जमिनीला चिकटलेलं पान, वीतभर दांडी, पांढरीशुभ्र फुलं. चमच्याने उकरताना खाली इवलासा कंद लागला, तेव्हाही मला काही वाटलं नाही. बावीस वर्षांत जिच्या घरात बटाटा शिरला नाही, त्या मला!

कुंडीत ती आठवडाभर टिकली. पुढच्या पावसाळ्यात नुसती माती. मग वाचायला घेतलं. या पावसाच्या दिवसांतच ती पुढच्या वर्षाचा नवा कंद भरते आणि जुना संपतो. म्हणजे फुलावर असताना उपटली की तिचं पुढचं वर्षही उपटलं. बी धुळीसारखं, त्यात शिदोरी नसतेच. मातीतल्या ठरावीक बुरशीने भरवलं तरच ते रुजतं. नर्सरीच्या कोकोपीटमध्ये ती बुरशी कुठून यायची?

मला वाटतं, कंदमुळाचा त्याग आपण ताटापुरताच ठेवला आहे. मुनिमहाराज विहार थांबवतात ते याच चार महिन्यांत, कारण जमीन जिवांनी भरलेली असते. चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकायचं, ही ईर्यासमिती आपण प्रवचनात ऐकतो आणि फोटोसाठी गवतात शिरतो. उद्यानातून रोप नेणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानेही गुन्हा आहे, पण आपल्याला वनरक्षकाची भीती का लागावी?

एक मैत्रीण म्हणाली, "फुलं तर देवालाही वाहतो." तो वाद आपल्याकडे जुना आहे, इथे नको. पण खुडलेल्या फुलामागे झाड उरतं, कंदामागे काही उरत नाही.

यंदा ग्रुपवर मी एवढंच लिहिलं: पायवाट सोडायची नाही, पिशवीत फक्त डबा आणि पाण्याची बाटली. दोघींनी अंगठा पाठवला. तिसरीने विचारलं, "थोडं शेवाळ चालेल का?"