गाड्या भरण्याआधी आजीचं वजन करा

ऊसतोडीला जाणाऱ्या गावांना जाहीर आवाहन

गावकरी मंडळी, टोळीतल्या लेकीबाळींनो, मुकादमांनो आणि ग्रामपंचायतीच्या सदस्यांनो,

दसरा झाला की मुकादमाचे फोन सुरू होतात. दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टर-ट्रक येऊन उभे राहतात. पत्रे, ताडपत्र्या, धान्याची पोती, एखादी शेळी, असा अख्खा संसार वर चढतो आणि शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी, पाथर्डी या डोंगरपट्ट्यातली गावं चार-पाच महिने ओस पडतात. ओस म्हणतो आपण, पण माणसं असतात. शाळेतली पोरं असतात आणि त्यांना सांभाळणाऱ्या आज्या असतात. "आई आहे की घरी," एवढ्या एका वाक्यावर घर, पोरं, शेळ्या, राखण सगळं सोपवून कोयता निघतो. त्या आईला हे पेलतंय का, ते विचारायचं मात्र राहून जातं.

मी या भागातल्या उपकेंद्रांवर तीसेक वर्षं नर्स होते. बाळांची वजनं केली, गरोदर बायांची केली, रजिस्टरं भरली. म्हातारीचं वजन करा असं मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी केलं नाही. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे त्यातला दोष आधी माझ्या पदरात घेते.

आमच्या वस्तीवरच्या एका आजीला मी कितीतरी वर्षं हापशावर बघत आले. आधी डोक्यावर हंडा आणि कमरेवर घागर असायची. मग नुसती घागर राहिली. एका वर्षी घागरीची कळशी झाली. मागच्या हंगामात ती तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घेऊन आली, तो निम्मा भरला आणि धाप लागून कठड्यावर बसली. झंपराची बाही दंडावर पोकळ लोंबत होती. "वयच झालं आता, सिस्टर," म्हणाली. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला होती तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची. म्हणजे अजून तिची सत्तरीही उलटलेली नाही.

आपण सगळेच "वय झालं" म्हणतो आणि विषय संपवतो. डॉक्टर मंडळी मात्र या अवस्थेला वयापासून वेगळं काढतात. 'फ्रेल्टी' हा त्यांचा शब्द. आपल्या भाषेत, अंगातलं त्राण जाणं. २००१ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या पाच खुणा मांडल्या : वर्षभरात आपोआप साडेचार किलो किंवा वजनाचा विसावा हिस्सा घटणं, सतत गळून गेल्यासारखं वाटणं, हाताची पकड सैल होणं, चाल मंदावणं आणि हालचाल कमी होणं. तीन खुणा दिसल्या तर माणूस या अवस्थेत पोचलं. एक-दोन दिसल्या तर ते उंबरठ्यावर आहे. अशा माणसाला साधा ताप आला, जुलाब झाले, पाय घसरला, तरी ते पूर्वीसारखं उठत नाही. पण उंबरठ्यावरून मागे फिरता येतं. नीट खाणं, स्नायूंना रोज थोडं काम आणि माणसांची सोबत मिळाली तर गेलेली ताकद काही अंशी परतते. हे ठाऊक असताना गप्प बसवेना, म्हणून लिहायला बसले.

बाई पुरुषापेक्षा जास्त जगते, पण शेवटची वर्षं जास्त खंगून काढते, असं जगभरच्या अभ्यासांत दिसतं. आपल्या गावात त्याची कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. आज सत्तरीला टेकलेल्या बाया १९७२ च्या दुष्काळात पोरी होत्या. ऐन हाडं भरण्याच्या वयात त्यांनी सुकडी आणि मिलो खाऊन खडी फोडली. लग्नानंतर कोयता हातात आला. नवरा-बायको मिळून एक कोयता, हिशेब एकच आणि उचलही नवऱ्याच्या हातात. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचं, रात्री सगळ्यांच्या मागून जेवायचं. त्यांत जिचा नवरा आधी गेला, तिचं कुंकू गेलं, सणासमारंभातली जागा गेली आणि घरातला शब्दही गेला. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या जवळपास निम्म्या बाया विधवा होत्या. एवढं सगळं अंगावर घेतलेल्या बाईची कळशी हलकी झाली, तर तो दोष एकट्या वयाच्या माथी कसा मारायचा?

म्हणून, गाड्या भरण्याआधी आपण सगळ्यांनी मिळून चार कामं करावीत, ही विनंती.

पहिलं काम, वजन आणि चाल. आशाताईंनी आणि उपकेंद्राच्या सिस्टरांनी एक दिवस ठरवावा. साठीपुढच्या प्रत्येक बाईचं वजन वहीत लिहावं. तेरा फूट, म्हणजे चार मीटर, अंतर आखून तिला नेहमीच्या चालीनं चालायला सांगावं. पाच सेकंदांहून जास्त वेळ लागला तर नावापुढे खूण करावी. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता पाच वेळा उठबस करायला सांगावं. पंधरा सेकंदांत जमली नाही तर दुसरी खूण. ज्यांच्या नावापुढे खुणा पडतील त्यांची रक्त, रक्तदाब, साखर, दात आणि मोतीबिंदूची तपासणी टोळी निघण्याआधी करून घ्यावी. पंचाहत्तरीपुढे एसटीचा प्रवास मोफत आहे आणि बायांना तिकीट निम्मं, तेव्हा भाड्याची सबब नको.

दुसरं काम, ताट. आजी काय जेवते ते एकदा तिच्या शेजारी बसून बघा. दात नसतात म्हणून भाकरी चहात किंवा पातळ आमटीत कुस्करलेली. दूध डेअरीला गेलेलं, उरलं तर नातवाला. रेशनचा तांदूळ शिजवायला सोपा, म्हणून दोन्ही वेळा भातच. पोट भरतं, पण स्नायूंना काही मिळत नाही. उतारवयात किलोमागे रोज निदान एक ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत असं तज्ज्ञ सांगतात. म्हणजे चाळीस किलोच्या आजीला चाळीस ग्रॅम. वाटीभर घट्ट वरण, पेलाभर दूध, मूठभर शेंगदाण्यांचा कूट, यांतून प्रत्येकी सहा-सात ग्रॅम मिळतात. आपल्या बऱ्याच आज्या माळकरी आहेत, त्यांना अंडं खा म्हणण्यात अर्थ नाही. पण हुलग्याचं माडगं, मऊ शिजवलेली मुगाची खिचडी आणि ताक यांना कुणाची हरकत नाही. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी तेवढं डॉक्टरांना विचारून घ्यावं.

यासाठी माझी एक सूचना आहे. जाणाऱ्या प्रत्येक कोयत्यानं गावात पायलीभर हुलगे, मूग किंवा तूर ठेवून जावं. ज्या गावांत मागे राहिलेल्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह चालतं, तिथे पोरांची पंगत बसतेच. गावाच्या या धान्यातून त्याच पंगतीला आज्यांचंही पान वाढावं. एकटीसाठी चूल पेटवायचा कंटाळा येतो, हे मला कितीतरी जणींनी सांगितलंय. चारचौघींत बसलं की दोन घास जास्त जातात. शिवाय कोण आली नाही तेही त्याच दिवशी कळतं. कार्तिकातल्या काकड्याला आणि रोजच्या हरिपाठाला त्या देवळात जमतातच. तिथेच ओट्यावर बसून दहा वेळा उठबस आणि खांबाला धरून टाचा उचलणं, एवढं केलं तर व्यायामाची वेगळी सोय नको.

तिसरं काम, पैसा. पासष्टीनंतर श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार मिळतात, पण त्यासाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. महिन्याला साडेसतराशे! लाडक्या बहिणीला हीच मर्यादा अडीच लाखांची आहे आणि तिचं वय पासष्टपर्यंतच धरलेलं आहे. म्हणजे पासष्ट पूर्ण झाली की एक दार बंद होतं आणि दुसरं फार अरुंद निघतं. ही मर्यादा वाढवा, असा ठराव प्रत्येक ग्रामसभेनं करून तहसीलदारांमार्फत सरकारला पाठवावा.

ज्यांचे पैसे मंजूर आहेत त्यांचंही सुखाचं नाही. कोयता आणि खडी यांनी बोटांच्या रेषा झिजल्यात, त्यामुळे मशीनवर अंगठा उठत नाही. एका आजीबरोबर मी स्वतः एका बँकेत गेले होते. तिनं पदराला बोट पुसून सहा वेळा अंगठा लावला. शेवटी "उद्या या" ऐकून आम्ही परत आलो. तिचा तो उद्या म्हणजे पुन्हा पाच किलोमीटर. सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा देण्याची व्यवस्था करा, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच बँकांना सांगितलेलं आहे. गावातल्या शिकल्या पोरांनी तेवढा अर्ज लिहून द्यावा, आजीबरोबर जावं, हयातीच्या दाखल्याची तारीख वहीत लिहून ठेवावी. आणि टोळीतल्या लेकरांनो, उचल मिळाली की आईच्या वाट्याचे पैसे तिच्या स्वतःच्या हातात द्या. दुकानदाराला सांगून ठेवलेली उधारी वेगळी आणि स्वतःच्या पिशवीतले पैसे वेगळे. तिला शेजारणीच्या नातवाला बिस्कीटपुडा घ्यावासा वाटेल, कधी चुकून स्वतःसाठी केळंही.

चौथं काम, नाव आणि मान. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवा पत्नी पहिल्या वर्गाची वारस आहे. तिचं नाव सातबाऱ्यावर आणि घराच्या नोंदीवर आहे का, ते तलाठी आणि ग्रामसेवकांकडे बघून घ्या. मुलं सांभाळत नसतील तर २००७ च्या कायद्यानं प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे पोटगी मागता येते. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा फोन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. मानाचं म्हणाल, तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद केल्या आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं त्या ठरावाचा दाखला देऊन इतर गावांना आवाहन केलं. कागद तयार आहे, आपल्या गावानं तो वाचून हात वर करायचे आहेत.

आता दोन शब्द टोळीला जाणाऱ्या तरण्या बायांसाठी. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची २०१९ मध्ये सरकारी समितीनं पाहणी केली. ८२ हजारांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात. तुमच्यापैकी कितीजणी तिशी-पस्तिशीतच त्या टेबलावरून उठल्या आहेत, ते मला ठाऊक आहे. आजीसाठी सांगितलेलं ताट आणि तपासणी तुम्हालाही लागू आहे, आणि तुम्ही पन्नाशीची वाट पाहू नका. पिशवी काढायला कुणी सांगितलं तर आधी सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

खर्चाचं विचाराल तर वजनकाटा उपकेंद्रात आहे, चार मीटर मोजायला सुतळी पुरते, धान्य घरचं आहे. कमी आहे ती एक वही आणि ती सांभाळणारं माणूस. वही मी आणते आणि आमच्या गावात ती सांभाळायचीही माझी तयारी आहे. प्रत्येक गावातून एका बाईनं पुढं यावं, म्हणजे कसं करायचं ते बसून ठरवू. मुकादमांनी गाडीची तारीख ठरवताना वजनाचा दिवस तिच्या आधी धरावा, एवढंच त्यांच्याकडे मागणं.

पाडव्याच्या सुमारास टोळ्या परततील तेव्हा तीच वही पुन्हा उघडू आणि त्याच आज्यांना त्याच काट्यावर चढवू. पाच लिटरचा कॅन निम्मा भरणाऱ्या आमच्या आजीचं नाव पहिल्या पानावर असेल. तिच्या आकड्यात किलोभर जरी वाढ निघाली, तरी तो आकडा मी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहीन.

आपलीच,
उपकेंद्रातून निवृत्त झालेली एक सिस्टर